गट अ, गट ब आणि संस्थापक

आमच्या ऑफिसात ‘लक्षणीय’ हा शब्द लिहिला की चहा आणायला खाली जावं लागे. नियम आमचे अहवाल तपासणाऱ्या बाईंचा. ऑफिस वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीत, एका लेथ वर्कशॉपच्या वर. लिफ्ट होती, पण ती लोखंडाच्या सळ्यांसाठी, माणसांसाठी जिना. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी इतक्या वेळा किटली घेऊन उतरले की टपरीवाल्याला मी चहा आणायलाच ठेवलेली मुलगी वाटले. ‘शाळागळतीत लक्षणीय घट’ लिहिलं, चहा. ‘लक्षणीय सुधारणा’ लिहिलं, परत चहा. शेवटी रडकुंडीला येऊन विचारलं, ‘‘बाई, पण घट झालीये ना? मग मी लिहू काय?’’

‘‘किती झाली ते लिही. लक्षणीय आहे की नाही ते वाचणारा ठरवेल. त्याला डोळे आहेत.’’

आमच्या छोट्या संस्थेचं काम सांगायला सोपं होतं. दुसरं कुणीतरी लोकांसाठी काहीतरी करायचं, कुठे शिवणवर्ग, कुठे पाण्याच्या टाक्या, आणि त्याचा खरंच उपयोग झाला का हे आम्हाला विचारायचं. आम्ही घरोघर जाऊन प्रश्न विचारायचो, उत्तरं मोजायचो आणि अहवाल लिहायचो. अहवाल लिहिणं हे बाईंचं राज्य. कल्याणच्या एका कॉलेजात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि निवृत्तीचा त्यांच्यावर काहीही परिणाम झालेला नव्हता. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल आणि गळ्यात दोन चष्मे, एक वाचायचा आणि एक समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा. कच्चा मसुदा हातात आला की पेन्सिल अंबाड्यातून निघे आणि आमची नजर किटलीकडे जाई. त्यांच्याकडून मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे, ‘‘छापायला हरकत नाही.’’ हे शब्द माझ्या मसुद्याला तिथल्या सगळ्या नोकरीत एकदाच मिळाले आणि त्या दिवशी घरी जाताना श्रीखंड घेऊन गेले.

बाई अहवाल उलटा लिहायच्या. म्हणजे सगळे लोक शेवटी, वाचणारा झोपी गेल्यावर, बारीक अक्षरात ‘अभ्यासाच्या मर्यादा’ लिहितात. बाईंचं पहिलं प्रकरणच ‘आम्हाला काय कळलं नाही’. ‘‘पाहुण्याला आधी सांगावं, बाथरूमचा नळ गळतोय म्हणून. मग तो बाकीच्या घरावर विश्वास ठेवतो,’’ असं त्यांचं म्हणणं. रंगीत आलेखांना त्या रंगपंचमी म्हणत. आणि निष्कर्षाची परीक्षा स्टेशनांवर ठरलेली होती. त्या राहायला ठाकुर्लीला. ‘‘गाडी ठाकुर्लीहून सुटल्यावर डोंबिवली यायच्या आत निष्कर्ष सांगून झाला पाहिजे. नाही झाला तर तुला तो कळलेलाच नाही.’’ मी डोंबिवलीची, त्यामुळे मला हे अंतर किती आखूड आहे ते माहीत होतं. साधं नाक शिंकरून होत नाही तेवढ्यात.

मटारच्या दिवसांत त्या पिशवीभर शेंगा घेऊन ऑफिसला यायच्या. आलेल्या उत्तरांतली चुकीची, अर्धवट उत्तरं बाजूला काढायचं किचकट काम असतं, त्याला त्या ‘निवडणं’ म्हणत आणि ते सगळ्यांनी टेबलाभोवती बसून मटार सोलत करायचं. हात शेंगेत, डोळे कॉम्प्युटरच्या पडद्यावर. किडका दाणा आणि खोटं उत्तर दोन्ही सारख्याच निर्विकारपणे टाकून द्यायच्या. संध्याकाळी दाणे त्या घरी नेत, टरफलं आम्ही गोळा करायची.

आणखी एक पद्धत होती, तिची मात्र आम्हाला धास्ती वाटे. अहवाल पूर्ण झाला की तो ज्यांनी पैसे दिले त्यांच्याकडे जायच्या आधी ज्यांच्याविषयी लिहिला त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा. पूर्ण. त्याआधी कुणालाही एक ओळ कळता कामा नये. याचं मूळ एका वॉटर कूलरमध्ये होतं. बाई एकदा एका बड्या कार्यालयात गेल्या होत्या आणि तिथल्या डुगडुगणाऱ्या कूलरच्या एका पायाखाली त्यांना ओळखीचं निळं कव्हर दिसलं. खाडीकाठच्या मासे विकणाऱ्या बायकांवर लिहिलेला त्यांचाच अहवाल. बाईंनी वाकून नीट बघून घेतलं, कूलरचं पाणी प्यायल्या आणि परत आल्या. ‘‘कागदावर ठेवलं तर कूलरखाली जातं. कानावर घातलं तर निदान कुणीतरी भांडायला येईल.’’

त्यानंतर त्यांनी खाडीकाठच्या बाळकुमला जाऊन तोच अहवाल त्या बायकांना वाचून दाखवला. तेव्हा मी नव्हते, पण ही गोष्ट त्या स्वतःच सांगत. सगळं ऐकून झाल्यावर एक म्हातारी कोळीण म्हणाली, ‘‘बेस लिवलंस गो बाय. पन आता तू याचं करशील काय?’’ आजवर लिहिलेल्या एकाही अहवालामुळे कुठे काही बदललेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. कधीमधी काम संपवून चष्मे पुसताना त्या तो प्रश्न त्याच हेलात पुटपुटायच्या.

तर अशा या बाईंच्या पुढ्यात एके दिवशी हास्यक्लबचा अभ्यास येऊन पडला.

ठाकुर्लीच्या एका बागेत रोज पहाटे ज्येष्ठ मंडळी जमून हसत. एका ट्रस्टने त्यांना बागेत पत्र्याची शेड बांधून द्यायची तयारी दाखवली होती, पण ट्रस्टच्या नियमाप्रमाणे हसण्याचा काही फायदा होतो हे कुणीतरी मोजून सांगायला हवं होतं. ते काम आमच्याकडे आलं. अडचण एकच होती. हास्यक्लब काढला होता बाईंच्या यजमानांनी.

बाईंनी काम नाकारलं. ट्रस्टला दुसरं कुणी मिळेना. पुन्हा आमच्याकडे आलं. तेव्हा त्यांनी अटी घातल्या आणि अहवालाच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं : ‘या अहवालाच्या लेखिका हास्यक्लबच्या संस्थापकांच्या पत्नी आहेत. उभयतांचे संबंध सध्या सौहार्दाचे आहेत. अहवालानंतर ते तसेच राहतील याची संस्था हमी देत नाही.’

त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याला ‘हे’ म्हणणं सोडलं. ‘‘आज संस्थापक डबा विसरले.’’ ‘‘संस्थापकांच्या गुडघ्याला तेल लावायचंय, मी निघते.’’ घरी फोनवरसुद्धा. काका, म्हणजे संस्थापक, स्वभावाने एकदम उलटे. उंच, मोठ्या आवाजाचे, कुणाच्याही पाठीवर थाप मारणारे. ते त्यांना ‘प्रमुख संशोधक’ म्हणू लागले. ‘‘प्रमुख संशोधक, कुकरची शिट्टी झालीय,’’ असं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पण बाईंना काय टोचत होतं ते मला एकदा टरफलं गोळा करताना कळलं. काका आमच्या वागळे इस्टेटमधल्याच एका कारखान्यात होते, फर्स्ट शिफ्टला. कारखाना बंद पडला आणि काका घरी बसले ते नुसते बसलेच. गॅलरीतल्या खुर्चीत, दिवसच्या दिवस, कुणाशी न बोलता. जवळजवळ वर्ष गेलं तसं. मग कुणीतरी त्यांना हास्यक्लब नावाचा प्रकार सांगितला आणि त्यांनी स्वतःचाच काढला. पहाटे साडेपाचला, कारण त्यांच्या डोक्यात फर्स्ट शिफ्ट होती. उशिरा येणाऱ्याला ते हाफ डे लावत. माणूस परत आला. फक्त पावसाचे चार महिने क्लब बंद असे आणि त्या चार महिन्यांत ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसत. ‘‘या वेळी बसले तर उठतील की नाही कोण जाणे,’’ एवढंच बाई म्हणाल्या आणि दुसरी शेंग घेतली. ती शेड नवऱ्यापेक्षाही त्यांनाच जास्त हवी होती. काकांनी तर पंखे कुठे लावायचे तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

आता आपलं मन निकालात डोकावू नये म्हणून बाईंनी जी पद्धत काढली ती अशी. आमची माणसं क्लबमधल्या ज्येष्ठांना आणि क्लबला न जाणाऱ्या ज्येष्ठांना तेच प्रश्न विचारणार : झोप, मनःस्थिती, ब्लडप्रेशर. मी त्यांतल्या एका गटाला ‘अ’ म्हणायचं आणि दुसऱ्याला ‘ब’. कोणता कोण, हे फक्त मला माहीत. बाई नुसत्या अ-ब वरून सगळा अहवाल लिहिणार. निष्कर्षाचं प्रकरणही लिहिणार, पण दोनदा : एक ‘अ म्हणजे हास्यक्लब’ धरून आणि एक ‘ब म्हणजे हास्यक्लब’ धरून. दोन्ही लिहून झाल्यावरच मी तोंड उघडायचं आणि खोटं ठरेल ते फाडायचं.

आकडे आले. ब्लडप्रेशरमध्ये फरक नाही, मनःस्थितीत नाही. झोपेत मात्र फरक होता, चांगला स्वच्छ. अ गट ब गटापेक्षा जास्त झोपत होता. आणि मला माहीत होतं की अ गट म्हणजे न हसणारे.

माझे पुढचे दिवस वाईट गेले. बाई समोर बसून ‘अ म्हणजे हास्यक्लब’ लिहीत होत्या आणि मधूनच गुणगुणत होत्या. बाई गुणगुणतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एकदा त्यांनी दुसरा चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘तुझा चेहरा फार बोलतो गं. उद्यापासून माझ्याकडे पाठ करून बस.’’ मी भिंतीकडे तोंड करून काम करू लागले.

काकांचा वेगळाच ताप. मी काही कागद द्यायला ठाकुर्लीला गेलेले, बाई देवळात गेल्या होत्या. काकांनी माझ्यापुढे कोथिंबीर वड्यांची अख्खी प्लेट ठेवली. ‘‘हे बघ, तू काही बोलू नकोस. रूल म्हणजे रूल. मी फक्त विचारतो, शेडला पांढरे पंखे चांगले दिसतील की ब्राऊन? तू फक्त मान हलव.’’

‘‘काका, प्लीज.’’

‘‘अरे, वडी तर खा! वडी खाताना मान हलतेच ना माणसाची?’’

मी मान ताठ ठेवून दोन वड्या गिळल्या. जगात मान न हलवता कोथिंबीर वडी खाल्लेली मी एकटीच असेन.

मग सोमवारी बाई म्हणाल्या, ‘‘झालं लिहून. सांग.’’

‘‘ब,’’ मी भिंतीकडे बघत म्हणाले. ‘‘हास्यक्लब म्हणजे ब.’’

खाली लेथ चालू होतं. मग मागून कागद फाडल्याचा आवाज आला, आणि मग जिन्यावर चपला. मी वळून पाहिलं तर बाई नव्हत्या आणि किटलीही जागेवर नव्हती. टोपलीतले तुकडे मी बघायला नको होते, पण बघितले. क्लब जिंकला असता तर छापायच्या त्या पानावर, पहिल्याच ओळीत, बाईंच्या सरळ अक्षरात ‘लक्षणीय’ होतं. त्या वर आल्या, दम लागलेला होता. आमच्या सगळ्यांच्या कपांत त्यांनी स्वतः चहा ओतला.

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. दोन दिवस आकडे उपसले आणि एक गोष्ट हाताला लागली. ‘काल घराबाहेरच्या किती जणांशी बोललात’ असा एक साधा प्रश्न आम्ही ओळख काढण्यासाठी सुरुवातीला विचारला होता. हसणारे त्यात खूपच पुढे होते! मी नाचतच बाईंकडे गेले. त्यातच ट्रस्टच्या एका गृहस्थांचाही फोन येऊन गेला होता, की दोन ओळी पॉझिटिव्ह असल्या की शेडचं काम होऊन जाईल, मॅडम.

‘‘हे आपण शोधायला निघालो होतो का?’’ बाईंनी विचारलं.

‘‘नाही, पण खरं आहे ना!’’

‘‘असेलही. पण पेपर लिहून झाल्यावर आपल्याला येत होते तेच प्रश्न होते असं म्हणायचं नाही. शेवटच्या पानावर टाक, पुढे कुणीतरी तपासावं म्हणून. निष्कर्षात नाही.’’

‘‘बाई, शेड जाईल. काकांचं काय?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोणताच चष्मा न लावता. ‘‘मला विचारतेस?’’ म्हणाल्या. मी परत जागेवर जाऊन बसले. मला त्या क्षणी त्यांचा रागच आला होता, आणि तो बरेच दिवस गेला नाही.

वाचनाचा दिवस उजाडायच्या आधीच आम्ही बागेत होतो. हा हा, हो हो, सिंहहास्य, सगळं आटोपलं. काकांनी पत्नीला बोलावलं, ‘‘प्रमुख संशोधक, या पुढे.’’ बाईंनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. सौहार्दाच्या वाक्याला मंडळी खो खो हसली. ब्लडप्रेशरला शांत झाली. ‘‘हास्यक्लबला जाणाऱ्यांची झोप न जाणाऱ्यांपेक्षा कमी असल्याचे आढळले,’’ हे वाक्य त्यांनी इतर वाक्यांइतक्याच आवाजात वाचलं. मग शेवटचं पान. ‘‘क्लबला जाणारे जास्त लोकांशी बोलतात असे दिसते. परंतु हे तपासण्यासाठी अभ्यास केलेला नव्हता. त्यामुळे यावर शेड बांधता येत नाही.’’

बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा उठले. ‘‘म्हणजे मॅडम, आम्ही उगीच हसतो?’’

‘‘तसं लिहिलेलं नाही.’’

‘‘झोप कमी का पण? कारण?’’

‘‘कारण आम्हाला कळलेलं नाही. पहिल्या प्रकरणात तसं नमूद केलं आहे.’’

सगळे काकांकडे बघू लागले. काका खाली बघत होते. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे गॅलरीतली ती खुर्ची आली, जी मी तोवर कधी नीट पाहिलीही नव्हती.

‘‘कारण मला माहितीये,’’ काका म्हणाले. ‘‘गजर मीच लावतो ना. पावणेपाचचा. तुम्ही लोक माझ्या शिफ्टपायी उठताय.’’ मग मान वर करून बायकोला विचारलं, ‘‘रोज तुझ्या कानाशी वाजतो. तुला नाही सुचलं?’’

‘‘नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘किती वाजता उठता, हा प्रश्नच मी घातला नाही.’’ जन्मभर दुसऱ्यांच्या प्रश्नावल्या लाल करणारी बाई, आणि घरातला गजर राहून गेला! त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पेपर कोरा दिलेल्या मुलीसारखा झाला होता.

काका हसले. क्लबमधलं नव्हे, साधं. ‘‘ठीक आहे. उद्यापासून साडेसहा.’’

‘‘अहो,’’ बाई म्हणाल्या, किती महिन्यांनी, ‘‘हे नुसतं तुमचं मत झालं. याला पुरावा नाही.’’

‘‘नसू दे. मी कुठे शेड मागतोय त्यावर?’’

शेड गेलीच. ट्रस्टने ती दुसरीकडे कुठेतरी बांधली. जून जवळ आला तशा बाई ऑफिसात कुणाशी धड बोलेनाशा झाल्या. मग एक दिवस त्या आल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘उद्या सकाळी घरी ये. काही दाखवायचंय, असं हे म्हणाले.’’

त्यांच्या इमारतीखाली खांबांवरचं पार्किंग होतं, मोठं, कोरडं. आदल्या वर्षी काकांनी सोसायटीकडे ते पावसाळ्यापुरतं मागितलं होतं, तेव्हा सेक्रेटरींनी हात जोडले होते, की पहाटे साडेपाचला खाली कुणी खदाखदा हसलं तर वरची माणसं पोलिसांत जातील. आता काकांनी पुन्हा विचारलं. साडेसहाला अर्धी इमारत दुधासाठी आणि मुलांच्या शाळेसाठी उठलेलीच असते. सेक्रेटरी लगेच हो म्हणाले, आणि त्यांच्या आई क्लबच्या मेंबर झाल्या.

बाहेर धो धो कोसळत होतं आणि आत स्कूटरींच्या मधोमध म्हातारी माणसं सिंहासारख्या जिभा काढून उभी होती. काका कुणालातरी हाफ डे लावत होते. बाई एका खांबासमोर थांबल्या होत्या, पाठमोऱ्या. मी जवळ गेले. खांबावर नवा रंगवलेला बोर्ड होता : हास्यक्लब. बारमाही. वेळ सकाळी साडेसहा. आणि त्याखाली, पेंटरला मुद्दाम सांगून घेतलेला, कंसात एक शब्द : (अहवालानुसार).

सवयीने बाईंचा हात अंबाड्याकडे गेला. पेन्सिल निघाली. मी म्हटलं, आता ‘पुराव्याअभावी’ खोडणार. त्यांनी वाचायचा चष्मा लावला, काढला, पदराने पुसला, परत लावला. बोर्डावर फार तर चार ओळी होत्या, पण त्या वाचायला त्यांना पुष्कळ वेळ लागला.

मग पेन्सिल त्यांनी परत अंबाड्यात खोचली.

‘‘छापायला हरकत नाही,’’ बाई म्हणाल्या.